स्वादुपिंडातली बेटं आणि बेटावरचे शेजारी

वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या दप्तरात दोन पेन्सिली असाव्याच लागतात, एक गुलाबी आणि एक जांभळी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते ऊतकशास्त्राच्या वहीत त्या दोन रंगांत काढायचं असतं. यकृत झालं, मूत्रपिंड झालं, थायरॉइड झालं की एके दिवशी स्वादुपिंडाची काचपट्टी समोर येते. तळाशी गर्द जांभळ्या आणि माथ्यावर गुलाबी अशा पेशींचे दाट घोसच्या घोस दिसतात. हे पाचकरस बनवणारे. त्या गर्दीत मधेच एखादा फिकट, गोलसर ठिपका असतो, तिथं रंग नीट लागलाच नाही असं वाटावं असा. विद्यार्थी तिथं पेन्सिल हलकी धरतो, रेघ ओढून ‘लँगरहॅन्सची द्वीपके’ असं लिहितो, सरांची सही घेतो आणि पुढच्या पट्टीकडे वळतो.

आजचं व्याख्यान त्या फिकट ठिपक्याबद्दल आहे.

मधुमेहावर महाराष्ट्रात कमी बोललं जात नाही. लग्नाच्या पंगतीत, बागेतल्या बाकावर, एसटीच्या रांगेत ‘तुमची शुगर किती?’ हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारतं. इन्शुलिन हा शब्दही घरोघरी पोचला आहे. पण ज्या पेशी ते बनवतात त्या नेमक्या कुठं बसलेल्या असतात, त्यांच्या शेजारी कोण असतं, त्यांचं दार कुठं उघडतं, हे प्रश्न डॉक्टरांच्या खोलीतही क्वचितच निघतात. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत या आजाराबद्दल जे पक्कं कळलं, त्यातलं बरंचसं या पेशींच्या जागेकडे आणि शेजाराकडे पाहूनच कळलं आहे. आजही जिथं उपचार अपुरा पडतो, तिथं बहुतेक वेळा रस मिळालेला असतो, जागा मिळालेली नसते.

स्वादुपिंड जठराच्या मागं आडवं पसरलेलं असतं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत असतं आणि शेपूट डावीकडे पानथरीला टेकतं. मोठ्या माणसात लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. या वजनातला ९८ टक्क्यांच्या आसपासचा भाग पाचकरसाच्या कामाला लागलेला असतो. उरलेला एखाद-दोन टक्का म्हणजे ही बेटं. संख्येनं ती सुमारे दहा लाख, पण सगळी गोळा केली तर चहाचा अर्धा चमचा रवा भरेल एवढाच ऐवज. एकेक बेट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचं, काही त्याहूनही लहान. माणसाच्या अंगातल्या साखरेचा सगळा जमाखर्च या एक-दोन ग्रॅमवर चालतो.

ती पहिल्यांदा नीट पाहिली पॉल लँगरहॅन्स या बर्लिनच्या विद्यार्थ्यानं. १८६९ साली त्यानं स्वादुपिंडाच्या सूक्ष्म रचनेवर पदवीचा प्रबंध सादर केला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पेशीविकृतीचा पाया घालणाऱ्या रुडॉल्फ फिर्खो यांच्या संस्थेत तो काम करत होता. आदल्याच वर्षी त्यानं त्वचेतल्या फांद्याफांद्यांच्या एका पेशीचं वर्णन केलं होतं. तिलाही आज त्याचंच नाव आहे. स्वादुपिंडासाठी त्यानं ससा निवडला, आणि ही निवड अचूक होती. सशाचं स्वादुपिंड माणसासारखं जाड नसतं. आतड्याच्या पातळ पडद्यात ते पानाच्या शिरांसारखं पसरलेलं असतं, त्यामुळं काप न काढताही त्यातून आरपार पाहता येतं. लँगरहॅन्सनं ते द्रावणात मुरवलं, पेशी सुट्या केल्या आणि एकूण नऊ प्रकारच्या पेशी मोजल्या. त्यांतल्या एका प्रकारात त्याला लहान, बहुकोनी पेशी दिसल्या, आत दाणे नसलेल्या आणि स्वच्छ. त्या विखुरलेल्या नव्हत्या, छोट्या छोट्या ढिगांत एकत्र होत्या. या पेशी काय करतात हे आपल्याला सांगता येत नाही, असं त्यानं प्रबंधात सरळ लिहून टाकलं.

एकवीस वर्षांच्या मुलानं परीक्षकांपुढं असं लिहावं, याला धैर्य लागतं. त्या काळात नव्या पेशीला घाईघाईनं काहीतरी काम चिकटवून देणं अवघड नव्हतं. लँगरहॅन्सनं तो मोह टाळला आणि वर्णन मात्र इतकं चोख केलं, की पुढच्यांना नेमकं कुठं पाहायचं ते कळलं.

त्याला स्वतःला फार वेळ मिळाला नाही. १८७४ मध्ये क्षयानं गाठलं. फ्रायबुर्गमधलं प्राध्यापकपद सोडून तो अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर गेला आणि फुंशालला राहून रुग्ण तपासू लागला. उरलेल्या वेळात तो समुद्री कृमींचा अभ्यास करत असे. २० जुलै १८८८ रोजी तो तिथंच वारला, वयाची ४१ वर्षं पुरी व्हायला पाच दिवस असताना. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १८९३ मध्ये फ्रान्समधल्या एदुआर लागेस यांनी त्या पेशींच्या ढिगांना ‘लँगरहॅन्सची बेटं’ हे नाव दिलं आणि ती रक्तात काहीतरी सोडत असावीत असा तर्क मांडला. ज्याचं नाव दिलं, तो एका बेटावर पुरला जाऊन पाच वर्षं झाली होती.

पुढची पायरी रंगाची. बेटांतल्या सगळ्या पेशी नुसत्या पाहिल्या तर सारख्याच दिसतात. १९०७ मध्ये शिकागोत मायकेल लेन यांनी एक साधा प्रयोग केला. ऊतक टिकवण्यासाठी एकदा अल्कोहोलचं द्रावण वापरलं, एकदा पाण्याचं. काही पेशींतले सूक्ष्म कण अल्कोहोलमध्ये टिकले, तर काहींतले विरघळून गेले. टिकलेल्यांना त्यांनी ‘ए’ म्हटलं, विरघळलेल्यांना ‘बी’. आज मधुमेहाच्या प्रत्येक पुस्तकात येणाऱ्या अल्फा आणि बीटा पेशींची ही पहिली ओळख. ती त्यांच्या संप्रेरकांवरून झालेली नाही, कारण इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन तोवर कोणाच्या हाती लागलेले नव्हते. एवढंच समजलं होतं, की एका छपराखाली दोन वेगळे रहिवासी आहेत.

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून तिचा फक्त पेशींशी लागणारा धागा इथं घ्यायचा. पाचकरसाच्या नळीत खडा अडकला की रस बनवणाऱ्या पेशी सुकतात, पण बेटं तग धरतात. अमेरिकेतल्या मोझेस बॅरन यांनी १९२० मध्ये हे निरीक्षण छापलं. रशियातल्या लिओनिद सोबोलेव्ह यांनी नळी बांधून हेच वीस वर्षं आधी दाखवलं होतं. बॅरन यांचा लेख वाचून फ्रेडरिक बँटिंगना कल्पना सुचली, आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोतल्या लिओनार्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन मिळालं.

तरीही एक शंका उरतेच. तो अर्क सबंध स्वादुपिंडाचा होता. मग इन्शुलिन बेटांतूनच येतं हे कशावरून? या शंकेचं उत्तर माशांनी दिलं. काही हाडयुक्त माशांत बेटं पाचकग्रंथीत विखुरलेली नसतात. ती एकत्र येऊन त्यांची डोळ्यांना दिसणारी वेगळी गाठ बनते. हे माहीत असल्यानं टोरांटोत बँटिंगना प्रयोगशाळा देणारे जॉन मॅक्लाउड १९२२ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जीवशास्त्र केंद्रात गेले. त्यांनी अँग्लरफिशसारख्या माशांतली ती गाठ सोडवून वेगळी काढली, उरलेली पाचकग्रंथी वेगळी काढली, आणि दोन्हींचे अर्क तपासले. गाठीच्या अर्कानं रक्तातली साखर उतरली, पाचकग्रंथीच्या अर्कानं उतरली नाही. पुढच्या वर्षी नोबेल पारितोषिक वाटून घेताना मॅक्लाउड यांच्या वाट्याबद्दल बराच वाद झाला आणि अजून होतो. हा मासळीचा प्रयोग मात्र त्या वादात फारसा कोणी आठवत नाही. तो आठवायला हवा. रचना जाणणारा माणूस योग्य प्राणी निवडतो आणि एका उन्हाळ्यात प्रश्न सोडवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आता बेटाच्या आत जाऊ. बीटा पेशी इन्शुलिन बनवतात, ते साखर उतरवतं. अल्फा पेशींचं ग्लुकॅगॉन यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं. डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन या दोघींनाही आवर घालतं. सोमॅटोस्टॅटिन आधी मेंदूत सापडलं होतं, १९७३ मध्ये, वाढीचं संप्रेरक रोखणारा पदार्थ म्हणून. तेच बेटांतही आहे हे नंतर लक्षात आलं. याखेरीज आणखी एक-दोन जातींच्या मोजक्या पेशी असतात.

या पेशी मांडलेल्या कशा असतात? पाठ्यपुस्तकांनी अनेक वर्षं याचं एकच चित्र दिलं, आणि ते पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यासारखं होतं. मधल्या चौकात बीटा पेशींची गर्दी आणि कडेच्या ओसरीवर अल्फा आणि डेल्टा. हे चित्र खोटं नव्हतं, पण ते उंदराचं होतं. माणसाचं ताजं, शाबूत स्वादुपिंड हाती येणं फार दुर्मिळ. मृत्यूनंतर ही ग्रंथी आपल्याच पाचकरसानं काही तासांत बिघडू लागते. जिवंत माणसात तिला सुई लावणं धोक्याचं. म्हणून प्रयोगशाळा उंदरावर विसंबल्या आणि उंदराचा नकाशा माणसाचा म्हणून छापला जात राहिला. काही जाणत्यांनी फरक नोंदवला होता, पण चित्र बदललं ते अवयवदात्यांच्या स्वादुपिंडांतली बेटं संशोधकांना मिळू लागल्यावर. २००५ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून आणि २००६ मध्ये मायामीतून आलेल्या कामांत चमकत्या रंगांनी पेशी वेगळ्या करून पाहिल्या गेल्या. माणसाच्या बेटात बीटा पेशी निम्म्याच्या थोड्या वर, अल्फा पेशी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या. त्यांना चौक नाही की ओसरी नाही. ही रचना गिरगावातल्या चाळीची आहे. वेगवेगळी बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून राहतात आणि सगळ्यांची दारं एकाच सामाईक गॅलरीत उघडतात. इथली गॅलरी म्हणजे रक्ताची केशवाहिनी.

ही उपमा केवळ शोभेसाठी नाही. बेटांचं वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के, पण त्याच्या रक्तापैकी दहा-पंधरा टक्के रक्त बेटांतून जातं. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना असंख्य बारीक झरोके असतात. पेशीनं सोडलेला रेणू त्यातून क्षणात रक्तात उतरतो आणि रक्तातली साखर तितक्याच लवकर पेशीला कळते. अल्फा पेशीनं सोडलेलं ग्लुकॅगॉन शेजारच्या बीटा पेशीवर आदळतं आणि तिला इन्शुलिन सोडायला चेतवतं. बीटाचं इन्शुलिन अल्फाला गप्प करतं. शेजारधर्म चालतो तोवर साखर फार वर जात नाही, फार खालीही नाही.

बीटा पेशीच्या पोटात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं डोकावलं की सुमारे दहा हजार पिशव्या दिसतात. एकेक पिशवी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढी. आत इन्शुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती बांधून रचलेले असतात, इतके घट्ट की माणसाच्या पेशीत त्यांचा कोनदार स्फटिकच दिसतो. अल्फा पेशीच्या पिशव्या गोल, गडद गाभ्याच्या असतात. सराव झालेल्या डोळ्याला कसलाही रंग न वापरता दोघी ओळखता येतात. या पिशव्या कधी फोडायच्या हे ठरवणारी यंत्रणा ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या १९८४ मधल्या कामानं उलगडली. पेशीत ग्लुकोज जळलं की पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं मिटतात, पेशीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि पिशव्या कडेला भिडून रिकाम्या होतात. काही बाळं ही दारं न मिटण्याचा जन्मजात दोष घेऊन येतात आणि त्यांना पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो. २००४ मध्ये हा जनुकदोष ओळखला गेला. त्यानंतर जन्मापासून इन्शुलिन टोचून घेणारी कित्येक मुलं ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीवर आली, कारण ही जुनी गोळी तीच दारं मिटवते. पेशीच्या पडद्यातल्या एका दाराचं ज्ञान एखाद्या आईला रात्री झोप मिळवून देतं, ते असं.

आजारी बेटं कशी दिसतात? अमेरिकेतल्या यूजीन ओपी यांना १९०१ मध्ये मधुमेही रुग्णांच्या बेटांत काचेसारखा गुळगुळीत, निर्जीव पदार्थ साचलेला आढळला. तो काय आहे हे कळायला १९८७ साल उजाडलं. बीटा पेशी इन्शुलिनच्याच पिशवीतून अमायलिन नावाचं प्रथिन सोडते, त्याचे धागे गुंतून हा थर बनतो. माणसात आणि मांजरात तो बनतो. उंदराच्या अमायलिनची घडण वेगळी, म्हणून उंदरात बनत नाही. पुन्हा तोच धडा, पाहायचं कोणाचं बेट हे आधी ठरवावं लागतं. लहान वयात येणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचं चित्र निराळं. बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी १९६५ मध्ये, आजार सुरू होताच दगावलेल्या २२ तरुण रुग्णांची बेटं पाहिली. १५ जणांत बेटांना पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला होता. शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारतं या विचाराला इथून आधार मिळाला. आणि तरीही सगळ्या मरत नाहीत. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रानं पन्नास वर्षांहून जास्त काळ इन्शुलिनवर जगलेल्या माणसांची स्वादुपिंडं मृत्यूनंतर तपासली, तेव्हा तिथंही तुरळक बीटा पेशी सापडल्या.

प्रौढपणी येणाऱ्या दुसऱ्या प्रकारात बेटं ओस पडत नाहीत, विरळ होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या शवविच्छेदनांचा २००३ चा अभ्यास सांगतो, की लठ्ठ मधुमेहींत बीटा पेशींचं आकारमान तेवढ्याच लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होतं, सडपातळ मधुमेहींत ४१ टक्क्यांनी.

इथं पुण्याचा संबंध येतो. बीटा पेशींची वाढ मुख्यतः गर्भात आणि आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत होते. मोठेपणी त्या फारच थोड्या वाढतात. म्हणून आईच्या पोटात काय घडतं याला मोल आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या जवळपास भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या. पुण्याकडची ही बाळं किरकोळ होती, स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चरबी त्या मानानं राखलेली होती. बारीक दिसणारी, पण आतून चरबीची. २००२ मध्ये पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा पुण्याच्या लहानखुऱ्या बाळांत इन्शुलिन जास्त निघालं. जिवंत बाळाची बेटं पाहता येत नाहीत, पण नाळेच्या रक्तानं त्यांच्याबद्दल हे सांगितलं, की जगात पहिला श्वास घेताना त्यांच्या बीटा पेशी आधीच जादा राबत होत्या. कुपोषण आणि मधुमेह हे दोन वेगळे प्रश्न समजून चालणाऱ्या सरकारी योजनांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

आता इंजेक्शनकडे पुन्हा पाहू. बेटांतून निघालेलं इन्शुलिन सरळ यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत उतरतं. साधारण निम्मं यकृतच वापरून टाकतं, बाकीचं अंगभर जातं. पोटाच्या कातडीखाली टोचलेलं इन्शुलिन उलट्या वाटेनं जातं, आधी सगळीकडे आणि मग यकृताकडे. शिवाय शेजाऱ्यांचं काय? पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अल्फा पेशी जिवंत असतात. तरी काही वर्षांत त्यांचं एक काम बंद पडतं. साखर धोकादायक खाली गेली की त्यांनी ग्लुकॅगॉन सोडायला हवं, ते त्या सोडत नाहीत. अल्फाला वेळ सांगणारं शेजारचं बिऱ्हाड रिकामं झालेलं असतं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. इन्शुलिनवरच्या मुलांचे आईवडील रात्री दोन वाजता गजर लावून उठतात आणि झोपेतल्या मुलाची साखर तपासतात, ते यासाठी. कुपीत भरलेलं इन्शुलिन अव्वल दर्जाचं असतं. पण त्याला शेजार नसतो.

म्हणून अख्खी बेटंच देण्याचे प्रयत्न झाले. १९६७ मध्ये सेंट लुइसच्या पॉल लेसी यांनी उंदराच्या स्वादुपिंडातून बेटं जिवंत आणि शाबूत सोडवून घेण्याची कृती दिली. मानवी रुग्णांत ती रुजवण्याचे प्रयत्न बरीच वर्षं फसले. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या जेम्स शॅपिरो यांच्या गटानं सात रुग्णांना मृत दात्यांची बेटं दिली आणि सातही जणांचं इंजेक्शन सुटलं, जरी पुढच्या काही वर्षांत अनेकांना ते पुन्हा सुरू करावं लागलं. शॅपिरोंनी बेटं स्वादुपिंडात नेली नाहीत. यकृताकडे जाणाऱ्या त्याच मोठ्या शिरेत ती थेंब थेंब सोडली. ती यकृतात अडकतात, तिथं नव्या केशवाहिन्या यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात बरीच बेटं मरतात. एका रुग्णाला बहुधा दोन किंवा तीन दात्यांची बेटं लागतात. त्यात भर म्हणजे शरीरानं ती नाकारू नयेत म्हणून जन्मभर औषधं.

दात्यांची वाट न पाहता मूळपेशींपासून बेटं वाढवण्याचं काम सध्या सर्वांत पुढं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा बेटांची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्शुलिनशिवाय होते. मूळपेशींना बीटा पेशी बनवायला लावणारे संशोधक सुरुवातीला पेशींच्या त्या गोळ्यांमध्ये अल्फासारख्या पेशीही उगवताना पाहून वैतागत. त्यांना शुद्ध बीटा पेशी हव्या होत्या. आता अल्फासारख्या पेशी काढून टाकायच्या की राहू द्यायच्या, यावर प्रयोगशाळांमध्ये खल चालू आहे, आणि अल्फा राहू द्याव्यात म्हणणारे संशोधक पुरावा म्हणून माणसाच्या बेटाचं ते मिसळलेलं, चाळीसारखं चित्र पुढं ठेवतात.